जामबागेतला आड

हैदराबादच्या कोठी भागातून जामबागेत शिरणाऱ्या माणसाला आता तेथे बाग दिसत नाही. दखनी बोलीत जाम म्हणजे पेरू. तेव्हा कोणे एके काळी येथे पेरूची बाग असावी आणि ती गेल्यावर नाव तेवढे मागे राहिले असावे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पुढे येथे फुलांचा बाजार भरू लागला. पहाटे झेंडूचे भारे आणि मोगऱ्याच्या ओल्या पाट्या उतरत, आणि सणावाराला या रस्त्याने चालणे म्हणजे पाकळ्यांच्या चिखलातून चालणे असे. तोही घाऊक बाजार गुडीमलकापुरास गेला, आणि मागे उरली ती हार-गजऱ्यांची थोडी दुकाने. मात्र विवेक वर्धिनी जागच्या जागी आहे. १९०७ साली स्थापन झालेल्या या शाळेने इथल्या मराठी घरांच्या किती पिढ्यांना अक्षरओळख करून दिली, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

या वस्तीत आमचे एक वडीलधारे स्नेही राहतात. सारे त्यांना नाना म्हणतात, आम्हीही तसेच म्हणू. त्यांचे पणजोबा बीडकडून निजामशाहीच्या नोकरीसाठी येथे आले आणि येथलेच झाले. वाड्याचा पुढचा भाग दुकानांना गेला असला तरी मागील चौक शाबूत आहे, आणि त्या चौकात एक आड आहे. काठाचा दगड दोराने घासून घासून खाचा पडलेला. रहाट केव्हाच मोडलेला. वर लोखंडी जाळी. या आडाविषयी हा लेख आहे.

हैदराबादच्या जुन्या वस्त्यांत आड आणि बावल्या पुष्कळ होत्या. जामबागेच्या शेजारच्या पुतळीबावलीने तर नावातच बावली जपली आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला आणि काठावरचे अर्धे शहर वाहून गेले. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशेंवर माणसे वाचली, ती कथा आपल्या घरांतून अजून सांगतात. त्या आपत्तीनंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात दीर्घकाळ सेवा केलेले, म्हणून आपल्याला काहीसे आपले वाटतात. त्यांच्या योजनेतून १९२० मध्ये गंडीपेटचा उस्मान सागर आणि १९२७ मध्ये हिमायत सागर पुरा झाला. पूर अडला आणि शहराला नळाचे पाणी मिळाले. गंडीपेटचे पाणी एकदा प्यालेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही, ही म्हण तेव्हापासूनची; नानांच्या घराण्याकडे पाहिले तर ती खोटी म्हणवत नाही.

पण गंमत अशी, की पुढे शहर वाढले आणि गंडीपेट अपुरे पडले, तेव्हा जे पाणी आले ते मांजरेचे. मांजरा उगम पावते बीड जिल्ह्यात, पाटोद्याजवळच्या बालाघाटाच्या डोंगरात. नानांच्या पणजोबांनी सोडलेले गाव आणि त्यांच्या पणतवाने उघडलेला नळ यांची अशी नदीने गाठ घातली. २००४ पासून कृष्णेचे आणि २०१५ पासून गोदावरीचेही पाणी शहरात येऊ लागले. महाबळेश्वर, त्र्यंबकेश्वर आणि बालाघाट! हैदराबादचा मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर राहून तीन मराठी नद्यांचे पाणी पितो, हे आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मात्र नळ रुसला. एक दिवसाआड, तोही तासभर, पाणी येई. त्याच सुमारास नानांच्या नातसूनबाई बाळंत झाल्या होत्या. घरात तान्हे मूल, आणि टँकरवाल्यांची मनधरणी चाललेली. बन्सीलालपेठेतील जुनी बावली उपसून, दुरुस्त करून २०२२ मध्ये खुली केली, हे नानांनी पाहिले होते. त्यांनी ठरविले, की आपलाही आड उपसावा. चार माणसे आठ दिवस राबली. तळातून गाळ निघाला, दोन पितळी तांबे निघाले, एक पोहरा निघाला, आणि नवव्या दिवशी सकाळी पाहिले तो दीड पुरुष स्वच्छ पाणी! नानांनी आम्हांस मुद्दाम बोलावून नेले. ओंजळभर पाणी आम्हीही चाखले. चव गोड होती.

नानांनी ते पाणी एका प्रयोगशाळेत पाठविले होते. उत्तर आले, त्यात दहा-बारा बाबींचे आकडे होते. नायट्रेट आणि फ्लोराइड काठावर होते, पण मर्यादेच्या आत. बाकी सर्व ठीक. खाली शिक्का : पिण्यास योग्य. नानांनी तो कागद देवघराशेजारी लावून ठेवला.

त्या दिवशी आमच्यासोबत रसायनशास्त्राचे एक निवृत्त अध्यापक होते. त्यांनी चष्मा पुसून तो कागद दोनदा वाचला आणि विचारले, "नाना, जे तपासले ते ठीक आहे. जे तपासले नाही त्याचे काय?"

"अहो, या आडाच्या पाण्यावर आमच्या तीन पिढ्या वाढल्या," नाना म्हणाले.

"तेव्हा या आडाभोवती किती घरे होती? आणि किती गटारे?"

नाना काही बोलले नाहीत. माईंनी चहा आणला, आणि अध्यापकांनी मर्यादा म्हणजे काय ते समजावून सांगितले. ते आम्ही येथे थोडक्यात देतो. कारण नळाला शुद्धीकरणाचे यंत्र लावून निश्चिंत झालेल्या आपल्या घरांतही याची माहिती फार थोड्यांना असते.

एखादा पदार्थ पाण्यात किती असला तर चालेल, हे बहुधा प्राण्यांवरील प्रयोगांतून काढतात. ज्या मात्रेने उंदरांना काहीच अपाय दिसत नाही ती मात्रा घेतात आणि तिला पुष्कळदा शंभराने भागतात : दहाने अशासाठी की माणूस म्हणजे उंदीर नव्हे, आणि पुन्हा दहाने अशासाठी की सगळी माणसे सारखी नव्हेत. तो पदार्थ अन्नातूनही पोटात जातो, म्हणून उरलेल्या मात्रेचा काही हिस्सा, बहुतेकदा पाचवा, पाण्याच्या वाट्याला देतात. मग धरून चालतात, की माणसाचे वजन ६० किलो आहे आणि तो दिवसाला २ लिटर पाणी पितो. जागतिक आरोग्य संघटनेचा हा हिशोब आहे.

"मे महिन्यात जामबागेत दोन लिटरवर कोण राहतो?" नानांनी विचारले. प्रश्न रास्त होता. पण त्याहून मोठा प्रश्न आतल्या खोलीत पाळण्यात होता. तान्ह्या मुलासाठी हीच संघटना ५ किलो वजन आणि दिवसाला पाऊण लिटर पाणी धरते. वजनाच्या मानाने पाहिले तर मोठा माणूस किलोमागे ३३ मिलिलिटर पितो आणि वरच्या दुधावरचे मूल १५०. म्हणजे साडेचार पट. एकाच आडाचे पाणी, पण आजोबांना ते एक असते आणि पणतवाला दुसरे.

आणखी एक गोष्ट अशी, की या मर्यादा एकेका पदार्थाच्या ठरविलेल्या असतात. प्रयोगशाळेतील उंदराला एका वेळी एकच पदार्थ देतात. आडात तसे नसते. तेथे सारे एकत्र नांदतात. एकाने दुसऱ्याचे बळ वाढविले तर काय होते, हे एकेकाचा आकडा पाहून कळत नाही.

"हे तुम्हांला प्रत्यक्ष दाखवायचे तर पटनचेरूला चला," अध्यापक म्हणाले. पुढच्या रविवारी आम्ही तिघे निघालो.

पटनचेरू आपल्याला अपरिचित नाही. उमरग्याला, सोलापूरला जाताना मुंबईच्या हमरस्त्यावर तीसेक किलोमीटरवर ते लागते. लहानपणी एस.टी.तून जाताना तेथे मोकळी शेते दिसत. १९७० च्या दशकापासून तेथे कारखान्यांची वसाहत उभी राहिली. त्याआधी बालानगरला आय.डी.पी.एल.चा सरकारी औषध कारखाना निघाला होता, आणि तेथे तयार झालेल्या तंत्रज्ञांच्या हातून हैदराबाद हे औषधांच्या मूळ द्रव्यांचे मोठे केंद्र बनले. त्या औषधांनी जगभरच्या किती गरिबांचे प्राण वाचविले, हेही विसरता येत नाही. आमच्या घरात येणारी स्वस्त गोळी अशाच कुठल्या तरी कारखान्यातून निघाली असेल.

रस्त्यापासून थोडे आत एका ओढ्यावरील पुलावर अध्यापकांनी गाडी थांबविली. ओढ्याचे नाव नक्कावागू. तेलुगूत नक्का म्हणजे कोल्हा आणि वागू म्हणजे ओढा. कोल्ह्यांनी पाणी प्यावे असा हा ओढा. तो पुढे मांजरेला मिळतो. कारखान्यांचे सांडपाणी अनेक वर्षे या ओढ्यात आणि आसपासच्या तळ्यांत जात राहिले. गावांतील विहिरींचे पाणी रंग बदलू लागले, भातशेती बसली. पटनचेरूचे डॉ. किशन राव यांनी आपल्या दवाखान्यात येणाऱ्या रोग्यांकडे पाहून या प्रश्नाचा पाठपुरावा आरंभिला आणि तो जन्मभर सोडला नाही. १९९० मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाच्या आदेशांमुळे बाधित गावांना बाहेरून पिण्याचे पाणी मिळाले.

पुलाच्या कठड्याला टेकून अध्यापकांनी जे सांगितले ते ऐकून आम्ही थक्क झालो. स्वीडनमधील गोटेनबर्ग विद्यापीठाचे संशोधक योआकिम लार्सन आणि त्यांचे सहकारी यांनी येथील सामायिक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले. सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी त्या केंद्रात येत असे. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिप्रोफ्लोक्सासिन हे जंतुनाशक औषध त्या शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. हे औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातदेखील ते इतके चढत नाही! २००९ मध्ये आसपासच्या गावांतील विहिरींविषयीचे त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथे सिप्रोफ्लोक्सासिन होतेच. शिवाय सर्दीवरचे सेटिरिझिन, नायट्यावरचे टर्बिनाफिन आणि मनाच्या उदासीनतेवरचे सिटालोप्रॅम. कित्येक विहिरींत यांतील काही औषधे लिटरला एक मायक्रोग्रॅमहून अधिक आढळली.

येथे आम्ही एक शंका काढली. एक मायक्रोग्रॅम म्हणजे कितीसे? पुलावर उभ्या उभ्या हिशोब केला. दिवसाला दोन लिटर पाणी प्यायले तर पोटात दोन मायक्रोग्रॅम जाणार. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी पोटात जाण्यास अडीच लाख दिवस, म्हणजे जवळजवळ सहाशे पंचाऐंशी वर्षे लागतील. मग भ्यावे कशाला?

अध्यापक हसले. "एका औषधाचा हिशोब बरोबर केलात. पण विहिरीत एकच औषध नाही. आणि गोळी रोगी घेतो ती पाच दिवस; हे पाणी निरोगी माणूस जन्मभर पितो, गरोदर बाई पिते, मूल पिते. शिवाय त्या ओढ्यातल्या जंतूंचा हिशोब कोणी करायचा? त्यांना औषधाची सवय होते, आणि मग खऱ्या दुखण्यात ते औषध चालेनासे होते."

अशा सरमिसळ पाण्याची परीक्षा करण्याचा एक सरळ उपाय शास्त्रज्ञांनी केला आहे, तो आम्हांस फार आवडला. घटक शोधत बसण्याऐवजी ते पाणी जसेच्या तसे एखाद्या जिवाला द्यावयाचे आणि त्याला विचारायचे. २००९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वीडनच्या मंडळींनी पटनचेरूच्या त्या पाण्यात बेडकाची पिल्ले वाढविली. पाचशे भागांत एक भाग, इतके ते पातळ केले होते, तरीही पिल्लांची वाढ सुमारे चाळीस टक्क्यांनी खुंटली. नेमके कोणत्या पदार्थाने हे केले ते बेडकाचे पिल्लू सांगू शकत नाही; पण ती मिसळण अपायकारक आहे, हे ते अगदी स्पष्ट सांगते.

त्यानंतर, २००९ च्या सुमारास, केंद्राचे पाणी अठरा किलोमीटर लांबीच्या नळाने शहराच्या मलवाहिनीला जोडून अंबरपेठच्या शुद्धीकरण केंद्राकडे वळविण्यात आले. नक्कावागूचे ओझे त्यामुळे हलके झाले. पण ओझे नाहीसे झाले म्हणावे, की एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात आले? अंबरपेठ आमच्या मुसीच्या काठी आहे. नाना परतीच्या वाटेवर फारसे बोलले नाहीत.

दुपारी जेवायला नानांकडेच होतो. माईंनी ज्वारीची भाकरी आणि आंबाडीची भाजी केली होती. भाकरीचा तुकडा हातात धरून अध्यापक म्हणाले, "हिचीही एक गोष्ट आहे." ती नलगोंड्याची गोष्ट. हैदराबादच्या आग्नेयेस असलेल्या त्या जिल्ह्यातील पाण्यात फ्लोराइड निसर्गतःच खडकातून येते. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत चालते. तेथे ते कित्येक पटींनी असे. दातांवर डाग पडत, आणि उतारवयात पाठीचा कणा लाकडासारखा ताठ होई. पण १९७० च्या सुमारास एक नवेच दुखणे दिसू लागले. पोरसवदा मुलांचे पाय गुडघ्याशी आत वाकू लागले. हैदराबादच्याच राष्ट्रीय पोषण संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये ते जगापुढे मांडले. फ्लोराइड तर जुनेच होते. मग नवे काय झाले? त्यांच्या शोधात ज्वारी सापडली. नागार्जुनसागर धरणानंतर आसपासच्या भूगर्भातील पाणी वर आले, जमिनीचा अल्कधर्मीपणा वाढला, आणि अशा जमिनीतून ज्वारीने मॉलिब्डेनम हे धातुद्रव्य अधिक शोषून घेतले. फ्लोराइड आणि मॉलिब्डेनम एकत्र आले की शरीरातील तांबे बाहेर टाकले जाते आणि हाडे कच्ची राहतात, असे त्यांनी मांडले. जी ज्वारी बीडात आणि जामबागेत अंगी लागते ती तेथे, त्या पाण्याच्या संगतीत, पायांवर उठली. यात दोष भाकरीचा नव्हे आणि एकट्या पाण्याचाही नव्हे.

नानांनी हळूच विचारले, "आपल्या आडात फ्लोराइड काठावर आहे. तुरटी फिरवली तर?" तुरटीवर त्यांचा विश्वास होता, आणि तो अगदी निराधार नव्हता. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात फ्लोराइड काढण्याची जी रीत बसविली, आणि जिला जगभर नलगोंडा पद्धत म्हणतात, ती तुरटी आणि चुन्याचीच. मात्र हंड्यात दोन वेढे देऊन भागत नाही. तुरटी पुष्कळ आणि मोजून घालावी लागते, चुना सांभाळावा लागतो, आणि तळाशी बसलेला गाळ रोज टाकावा लागतो. "आणि नायट्रेटला तुरटी काही करीत नाही," अध्यापक म्हणाले. "उकळून घेऊ," माई म्हणाल्या. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र मरत नाही, पाणी आटते तसे ते अधिकच दाट होते.

ही नायट्रेटची चिंता पाळण्यामुळे होती. १९४५ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डॉ. हंटर कॉमली यांनी शेतावरच्या विहिरींचे पाणी घालून भुकटीचे दूध पाजलेली काही तान्ही मुले निळसर पडल्याचे नोंदविले. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते, आणि ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. नानांच्या पणतवालाही आईचे दूध पुरत नसल्याने भुकटीचे दूध सुरू केले होते. ते अजून नळाच्या पाण्यात कालवीत. आडाचे पाणी दुसऱ्या दिवसापासून घ्यावयाचे ठरले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने नायट्रेटची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आणि नायट्राइटची ३ ठरविली आहे. पण दोन्ही एकत्र असतील तर बेरीज करायला सांगितली आहे. समजा, नायट्रेट ४० आहे : मर्यादेचा आठ दशांश. नायट्राइट १ आहे : मर्यादेचा एक तृतीयांश. एकेकटे पाहिले तर दोन्ही निर्दोष. बेरीज मात्र एकाच्या वर जाते, आणि एकाच्या वर गेली की ते पाणी तान्ह्या मुलाचे नव्हे. क्लोरिनमुळे नळाच्या पाण्यात जी थोडी द्रव्ये तयार होतात त्यांच्यातील चौघांसाठीही अशीच बेरीज सांगितली आहे. म्हणून कोणी क्लोरिन टाकून देऊ नये, कारण पटकीचे भय त्याहून फार मोठे आहे. शेकडो पदार्थांसाठी मात्र अशी बेरीज कशी करावी, हे शास्त्रालाही अजून नीट साधलेले नाही.

नानांच्या कागदावर नायट्राइटची ओळच नव्हती. ती तपासणी कोणी मागितली नव्हती, म्हणून झाली नव्हती. अध्यापकांनी स्वतः बाटली भरून नेली. चौथ्या दिवशी उत्तर आले. नानांनीच पाटीवर खडूने भागाकार मांडले आणि बेरीज केली. ती एकाच्या वर गेली. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो; आडात आहे ते मात्र पोहऱ्यात न दिसता येते. जुने शौचकूप, फुटकी गटारे, शंभर वर्षांची वस्ती, हे सारे त्या गोड पाण्यात होते.

नानांनी तो शिक्क्याचा कागद काढून घडी घातली आणि पंचांगात ठेवून दिला. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "चव तर गोड होती हो."

सव्वा महिना झाला तेव्हा रीतीप्रमाणे बाळंतिणीने आडाची पूजा केली. हळदकुंकू वाहिले, ओटी भरली. पूजेनंतर घागर भरून घरात न्यावयाची असते. माईंनी पहाटे चारला उठून नळाच्या, मांजरेच्या, पाण्याने घागर आधीच भरून काठावर ठेवली होती; सूनबाईंनी तीच कडेवर घेतली. आडाचे पाणी आता मोगऱ्याला आणि धुण्याला जाते, टँकर निम्म्यावर आले आहेत. रहाट नवा बसविला आहे. त्याच्या खांबावर नानांनी आपल्या वळणदार अक्षरात रंगाने लिहिले आहे : पिण्यासाठी नाही. खाली तेच तेलुगूत आणि उर्दूत आहे, ते शेजाऱ्यांकडून लिहवून घेतले.